वाइप झाल्यावरची पाच मिनिटं

कबड्डीत एका बाजूचे सातही गडी बाद झाले की लोण चढतो. समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात आणि बाद झालेले सगळे पुन्हा मैदानात उतरतात. सहकारी ऑनलाइन खेळांत, म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्या बलाढ्य बॉसशी किंवा दुसऱ्या संघाशी लढायच्या खेळांत, याच प्रसंगाला ‘वाइप’ म्हणतात. वीसच्या वीस जण मेले, बॉसची प्राणशक्ती पुन्हा शंभर टक्के, आणि सगळे परत सुरुवातीच्या जागी. कबड्डीच्या सामन्यात दोन-तीन लोण चढले तरी मोठी गोष्ट होते. इथे एका संध्याकाळी पंधरा-वीस वाइप साधे समजतात. २०१७ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या किलजेडन या बॉसला सर्वांत कठीण पातळीवर जगात पहिल्यांदा पाडणाऱ्या ‘मेथड’ या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघटनेने, त्याआधी सहाशेहून जास्त वाइप पचवले होते.

गेमिंगची बाजू घेणारे हमखास म्हणतात, ‘हरण्यातून मुलं शिकतात.’ शाळा-कॉलेजांच्या ई-स्पोर्ट्स कार्यक्रमांत हे वाक्य माइकवरून ऐकू येतं, पालकांशी वाद घालताना मुलंही तेच म्हणतात. हे वाक्य अपुरं आहे आणि अपुरं असल्यामुळे घातक आहे. हरण्यातून आपोआप काहीच शिकायला मिळत नाही. शंभर वेळा त्याच पद्धतीने हरून शंभराव्या वेळीही तशीच चूक करणारे संघ रोज दिसतात. शिकणं घडतं ते हरल्यानंतरच्या पाच मिनिटांत, तोच संघ जागेवर थांबून कारण हुडकतो तेव्हा. आज सर्वाधिक खेळले जाणारे खेळ नेमकी तीच पाच मिनिटं खेळाडूंकडून काढून घेतात, आणि आयोजक, शिक्षक, पालक यांपैकी कुणीही ती परत मागत नाही. ती मागायला हवीत.

कारण हुडकणं म्हणजे नेमकं काय, हे एका वाइपवरून पाहू. नमुना म्हणून जुना बॉस घेऊ, कारण तो हजारो गिल्डांनी मारलेला आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातली ‘मोल्टन कोअर’ ही मोहीम ४० जणांची होती, पाच-पाच जणांचे आठ गट. तिथल्या बॅरन गेडन या बॉसकडे तीन हत्यारं. पहिलं ‘लिव्हिंग बॉम्ब’: ते चाळिसातल्या कुणावरही पडतं, काही सेकंदांनी फुटतं आणि जवळच्या सगळ्यांना भाजतं. ज्याच्यावर पडलं त्याने घोळका सोडून लांब धावायचं. दुसरं ‘इन्फर्नो’: गेडन एका जागी उभा राहून आगीच्या लाटा सोडतो, त्या वेळी जवळून वार करणाऱ्यांनी मागे हटायचं. तिसरं सगळ्यांत शांत आणि म्हणून सगळ्यांत वाईट, ‘इग्नाइट माना’. माना म्हणजे मंत्रांचं इंधन. हा शाप बसला की दर ३ सेकंदांना ४०० माना जळते आणि तेवढीच इजाही होते. प्रीस्ट किंवा पॅलाडिन या प्रकारच्या पात्रांनी तो उतरवला, खेळाच्या भाषेत ‘डिस्पेल’ केला, तरच थांबतं.

आता वाइप. लढाई निम्म्यावर आलेली. टँक, म्हणजे बॉसचे वार अंगावर घेणारा, मेला. गेडन मोकळा सुटला आणि अर्ध्या मिनिटात चाळीसही आडवे. हेडसेटमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘हील कुठे होती?’ हीलरचं, म्हणजे साथीदारांची प्राणशक्ती भरून काढणाऱ्याचं, उत्तरही ठरलेलं: ‘माना संपली होती.’ इथे बहुतेक संघ थांबतात. हीलर कच्चे आहेत, त्यांनी जास्त पोशन आणावेत, नाहीतर एखादा बदलावा, असा निकाल लागतो. पुढच्या वेळी पुन्हा तसंच मरण.

जो संघ थांबत नाही तो एक पायरी मागे जातो. लढाई निम्म्यावर असताना माना संपलीच कशी? लॉग, म्हणजे लढाईची नोंद, उघडला की दिसतं, की तिसऱ्या गटातल्या हीलरवर इग्नाइट माना २१ सेकंद बसून होतं. म्हणजे सात झटके, २८०० माना. त्या काळातल्या हीलरसाठी ही जवळपास निम्मी टाकी. मग आणखी एक पायरी मागे. तिसऱ्या गटाचं डिस्पेल कुणाकडे होतं? एका प्रीस्टकडे. त्या २१ सेकंदांत तो कुठे होता? त्याच्याच अंगावर बॉम्ब पडला होता. त्याला सांगितलं होतं तसाच तो घोळका सोडून धावला, ३० यार्डांच्या मर्यादेबाहेर गेला, स्फोटाने हवेत उडून खाली आपटला, आणि परत आल्यावर आधी स्वतःला सावरत बसला.

टँक चुकला नाही, हीलर चुकले नाहीत, प्रीस्टने तर शिकवलेलं सगळं बरोबर केलं. चूक लढाई सुरू होण्याआधी कागदावर झाली होती: डिस्पेलची वाटणी करताना प्रत्येक गटापुढे एकच नाव लिहिलं होतं. दुरुस्ती दोन ओळींची. प्रत्येक गटापुढे दुसरं नाव घाला, आणि बॉम्ब पडलेल्याने धावतानाच बोलायचं, ‘बॉम्ब माझ्यावर, तिसरा गट सांभाळा.’

खेळाने दाखवलेलं कारण आणि खरं कारण यांत किती अंतर होतं ते बघा. मेल्यावर पडद्यावर शेवटचे चार-पाच वार दाखवण्याची सोय हल्लीच्या बऱ्याच खेळांत असते. टँकच्या बाबतीत ते सगळे वार गेडनचे निघतील. माहिती शंभर टक्के खरी, आणि उपयोग काही नाही. दहीहंडीच्या सरावात थर कोसळला की वरून पडलेला पोर सगळ्यांना दिसतो, पण जाणता माणूस खालच्या थरातल्या खांद्यांकडे आणि पायांकडे बघतो. वाइपही खालून वर, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचा असतो. पहिला मृत्यू कुणाचा, हा पहिला प्रश्न. त्या मृत्यूच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय बदललं, हा दुसरा. त्यानंतर पडलेल्या माणसांची चौकशी करण्यात अर्थ नसतो, कारण तोवर घडी विस्कटलेली असते.

दोष माणसावर ढकलायची घाई का चुकीची आहे, हे साध्या गणिताने कळतं. समजा २० जणांचा संघ आहे आणि एका लढाईत प्रत्येकाला एक अवघड गोष्ट अचूक करायची आहे. प्रत्येक जण चांगला खेळाडू आहे, शंभरात ९५ वेळा ती बरोबर करतो. एकाचीही चूक सगळ्यांना मारत असेल, तर वीसही जण एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. तीनातल्या जवळपास दोन लढाया वाइपमध्ये जाणार. चाळीस जण असतील तर यश १३ टक्क्यांवर येतं. चौघांचाच संघ असेल तर ८१ टक्के. म्हणून चौघांत खपून जाणारा ढिसाळपणा विसांत खपत नाही.

या हिशेबात दर वाइपला कुणीतरी चुकलेलं सापडतंच. आज एक, उद्या दुसरा. प्रत्येक वेळी बोट दाखवायला जागा मिळते, आणि तरी संघात एकही वाईट खेळाडू नसतो. बोट दाखवून संघ सुधारत नाही, कारण बोट खाली होईपर्यंत चूक दुसरीकडे गेलेली असते. सुधारण्याचे मार्ग दोनच. एक, सरावाने प्रत्येकाचे ९५ वरून ९९ करायचे, मग विसांच्या संघाचं यश ८२ टक्क्यांवर जातं. दुसरा, एका माणसाच्या चुकीने सगळे मरणार नाहीत अशी मांडणी करायची, जशी वर डिस्पेलला जोडीदार देऊन केली. अनुभवी रेड लीडर, म्हणजे अशा मोहिमांचे नेते, दुसऱ्या मार्गावर जास्त वेळ घालवतात, आणि ते बरोबर करतात. माणसाला अचूक करण्याला मर्यादा आहे, मांडणी मात्र आज रात्रीच बदलता येते.

मराठीत ‘कोणामुळे’ आणि ‘कशामुळे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. हरलेल्या संघाचा पहिला प्रश्न यांतल्या कुठल्या शब्दाने सुरू होतो, त्यावर तो संघ टिकणार की फुटणार हे बरंचसं ठरतं. ‘कोणामुळे’ विचारलं की माणसं लपवायला लागतात. डिस्पेल उशिरा झालं हे ज्याला माहीत आहे तोच गप्प बसतो, आणि संघ माहितीच्या सगळ्यांत चांगल्या झऱ्यालाच मुकतो. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळलं, की ज्या विभागांत नेतृत्व मोकळं होतं तिथे चुकांची नोंद जास्त होती. तिथले लोक जास्त चुकत होते म्हणून नव्हे, तर झालेल्या चुका सांगायला घाबरत नव्हते म्हणून. रेड लीडरला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आपली माना कधी संपली हे मोकळेपणाने बोलणारा हीलर ज्याच्याकडे आहे, त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

म्हणून पद्धत हवी, नुसती सदिच्छा पुरत नाही. वाइप झाल्यावर पहिला अर्धा मिनिट कुणीही माइक उघडू नये, कारण त्या अर्ध्या मिनिटात फक्त राग बोलतो. नंतर नेत्याने आधी स्वतःची चूक सांगावी: ‘मी दुसऱ्या टप्प्याचा कॉल दोन सेकंद उशिरा दिला.’ त्याने सुरुवात केली की बाकीच्यांची जीभ सुटते. मग ज्याचा पहिला मृत्यू त्याला विचारावं, ‘तुला त्या वेळी काय दिसत होतं?’ ‘तू का मेलास?’ असं विचारू नये. लॉग आणि रेकॉर्डिंग बघणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, लढणाऱ्याला नव्हतं. त्याच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसत होतं त्यावरूनच त्याचा निर्णय जोखला पाहिजे.

यानंतर बदल एकच करायचा. इथे भलेभले संघ घसरतात. उत्साहाच्या भरात तीन गोष्टी एकदम बदलतात, पुढची लढाई बरी जाते, आणि तिन्हीपैकी कशाने बरी गेली हे कुणालाच कळत नाही. वही ठेवायची, पाच रकाने पुरतात: कितवा प्रयत्न, बॉस किती टक्क्यांवर होता, पहिला मृत्यू कुणाचा आणि कितव्या मिनिटाला, कारण, पुढच्या वेळचा बदल. टक्क्यांवर फार भरवसा ठेवू नये. नशिबाने बॉम्ब लांबच्या माणसांवर पडत गेले म्हणून २० टक्क्यांपर्यंत पोचलेला प्रयत्न, ४० टक्क्यांवर पण शिस्तीत संपलेल्या प्रयत्नापेक्षा कमी शिकवतो. एकाच कारणाने तीनदा वाइप झाला तर सराव थांबवून मांडणी बदलायची. ‘आता शेवटचा एक’ म्हणत रात्री घेतलेला प्रयत्न बहुधा दिवसातला सगळ्यांत वाईट असतो. दमलेला संघ त्या प्रयत्नात नवं शिकत नाही, उलट चुकीची सवय पक्की करतो.

यात वेळ जातो, अशी तक्रार येते. हिशेब करून बघू. तीन तासांची संध्याकाळ, सहा मिनिटांची लढाई, आणि मेल्यावर परत धावून, जेवण-पोशन घेऊन उभं राहायला चार मिनिटं. १८० मिनिटांत १८ प्रयत्न बसतात. प्रत्येक वाइपनंतर दोन मिनिटं बोलायला दिली तर १५ बसतात. तीन प्रयत्नांची किंमत मोजून उरलेले पंधरा डोळसपणे होत असतील, तर हा सौदा कुणीही करावा.

नोंदींबद्दल एक खरा वाद आहे आणि तो झटकून चालणार नाही. वॉरक्राफ्टमध्ये ‘कॉम्बॅटलॉग’ची आज्ञा दिली की लढाईतला प्रत्येक वार, प्रत्येक हील, प्रत्येक मृत्यू मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो. ती फाइल ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’सारख्या साइटवर चढवली की तक्ते तयार. हेच तक्ते पुढे माणसं मोजायला वापरले जाऊ लागले. कुणी किती डॅमेज केलं, म्हणजे बॉसला किती इजा केली, यावरून क्रमवारी लागली, आणि नव्या खेळाडूला दार उघडण्याआधी त्याचे आकडे तपासायची रीत पडली. उलट बाजूला ‘फायनल फँटसी १४’ बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्सने असे आकडे काढणारी बाहेरची साधनं नियमांनीच वर्ज्य केली. आकड्यांवरून खेळाडूंचा छळ होतो, ही त्यामागची भीती रास्त आहे. पण आकडे झाकल्याने दोषारोप थांबत नाहीत, ते फक्त अंदाजावर होऊ लागतात, आणि अंदाजात नेहमी सगळ्यांत शांत माणूस अडकतो. गफलत आकडा निवडण्यात आहे. कुणी किती डॅमेज केलं हा आकडा अहंकार कुरवाळतो. मृत्यूंचा क्रम, शाप किती सेकंद बसून राहिला, वाचवणारं अस्त्र कुणाकडे शिल्लक होतं आणि वापरलं गेलं नाही, हे आकडे शिकवतात. खेळ बनवणाऱ्यांनी हा दुसरा प्रकार स्वतःच पडद्यावर द्यावा आणि पहिला मागे ठेवावा. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही, सगळी माहिती त्यांच्याकडे आधीच असते.

हरलेल्या लढायांची नोंद साठत गेली की काय होतं, याचा एक सुंदर पुरावा आहे. मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नरॉस. खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, आणि ‘असेंट’ या गिल्डने त्याला पहिल्यांदा मारलं ते एप्रिल २००५ मध्ये. पाच महिने लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये तोच जुना खेळ ‘क्लासिक’ नावाने पुन्हा सुरू झाला, सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली, आणि रॅग्नरॉस आठवडाही न भरता पडला. पाडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा सर्वोच्च पातळीही गाठली नव्हती. २०१९ ची आवृत्ती काहीशी सोपी होती हे मान्य. पण मुख्य फरक माणसांच्या वेगात नव्हता. तीन मिनिटांनी रॅग्नरॉस लाव्हात बुडी मारतो आणि आठ ‘सन्स ऑफ फ्लेम’ बाहेर पडतात, ते हीलरांच्या जवळ आले की माना चाटून खातात, म्हणून त्यांना मध्येच अडवायचं, ही गोष्ट २००५ मध्ये प्रत्येक गिल्डला मरून कळली होती. २०१९ मध्ये ती सगळ्यांना आधीच पाठ होती. चौदा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांनी ती लिहून ठेवली होती.

या साठ्याची एक काळी बाजूही आहे. सगळं लिहिलेलं उपलब्ध झाल्यावर हरणं हाच गुन्हा ठरू लागला. नवा खेळाडू पहिल्यांदा गटात येतो, एकदा चुकतो, आणि लगेच ऐकवलं जातं, ‘व्हिडिओ बघून आला नाहीस का?’ व्हिडिओ बघून बॉम्ब पडल्यावर धावायचं हे कळतं. धावताना कॅमेरा कुठे फिरवायचा, कुठल्या बाजूला माणसं उभी आहेत, त्या मोजक्या सेकंदांत काय काय होतं, हे अंगात मुरायला मरावंच लागतं. पोहण्याचं पुस्तक वाचून आलेल्याला नाका-तोंडात पाणी गेल्याबद्दल कुणी रागावत नाही. इथे रागावतात, आणि नवी माणसं खेळ सोडून जातात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘अपयशातून शिका’ म्हणणारे ती विसरतात. काही अपयशांत शिकण्यासारखं काहीच नसतं. ‘आन किराज’ ही मोहीम जानेवारी २००६ मध्ये उघडली. तिचा शेवटचा बॉस क्थून. जगातल्या उत्तमोत्तम गिल्डांनी त्याच्यावर आठवडेच्या आठवडे डोकी आपटली आणि हिशेब मांडून दाखवलं, की हा बॉस सध्याच्या रूपात मरूच शकत नाही. बनवणाऱ्या ब्लिझर्डने त्यात बदल केले, आणि त्यानंतर एप्रिल २००६ मध्ये ‘निहिलम’ गिल्डने त्याला पाडलं. त्या तीन महिन्यांत किती संघांत भांडणं झाली असतील, कितीजणांना ‘तू कमी पडतोस’ म्हणून काढलं असेल, याची कल्पना करता येते. चूक रचनेत होती, आणि ती सिद्ध केली ती नोंदी ठेवणाऱ्यांनीच. ‘आपण चुकत नाही, नियम चुकीचा आहे’ हा निष्कर्ष काढण्याचा हक्कही शिकण्यातच मोडतो. मात्र तो पुराव्यानिशी काढावा लागतो. ‘गेमच भंगार आहे’ म्हणून फोन आपटणं वेगळं.

आता मूळ तक्रारीकडे. शिकायला तोच संघ लागतो. वॉरक्राफ्टमध्येच ‘रेड फाइंडर’ आहे: बटण दाबलं की अनोळखी २५ जण जमवून दिले जातात. वाइप झाला की निम्मे निघून जातात आणि रिकाम्या जागी दुसरे येतात. वर खेळ सगळ्यांना ‘डिटरमिनेशन’ नावाची ताकद बहाल करतो, दर वाइपला ५ टक्के वाढीव प्राणशक्ती, डॅमेज आणि हील. पुरेशा वेळा मरा, बॉस आपोआप सोपा होतो. कामावरून दमून आलेल्या माणसाला गोष्टीचा शेवट बघता यावा म्हणून केलेली ही सोय आहे आणि तेवढ्यापुरती ती चांगली आहे. तिला कुणी सहकार्याची शाळा म्हणू नये. तिथे वाइपचं कारण शोधण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडे बहुतेक मुलं संगणकावर नव्हे, फोनवर खेळतात, आणि २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा त्यांचा एक लाडका खेळ आहे. चौघांचं स्क्वाड, नकाशावर शंभर जण, आकसत जाणारा झोन, म्हणजे सुरक्षित वर्तुळ. यातला सगळ्यांत नेहमीचा मृत्यू असा: एक जण नॉक होतो, म्हणजे जखमी होऊन कोसळतो, दुसरा ‘रिव्हाइव्ह देतो’, म्हणजे उठवतो, असं म्हणत उघड्यावर धावतो, रिव्हाइव्हला लागणारी दहा सेकंदं स्मोकचा, म्हणजे धुराचा, आडोसा नसताना पूर्ण होत नाहीत, तोही पडतो, तिसरा दोघांसाठी बाहेर येतो. अर्ध्या मिनिटात लोण. नंतरचं भांडण ठरलेलं, ‘कव्हर का दिलं नाहीस?’ आणि दोन टॅपमध्ये पुढची मॅच सुरू. चौघांतला एक रागावून निघून गेला तर त्याच्या जागी रँडम, म्हणजे कुणीतरी अनोळखी.

इथेही मागे जाऊन पाहिलं की कारण बहुधा आधीच्या दोन-तीन मिनिटांत सापडतं. लूट गोळा करण्यात वेळ गेला, झोनकडे निघायला उशीर झाला, गाडी लांब सोडली, म्हणून स्क्वाड झोनच्या कडेवर आडोसा नसलेल्या उतारावर पोचलं. आत बसलेल्यांना ते आयतं मिळालं. अशा जागी रिव्हाइव्ह द्यायचाच नसतो, आणि निघण्याची वेळ ठरवणारा आयजीएल, म्हणजे खेळताना संघाला सूचना देणारा नेता, ठरलेला नसेल तर चौघेही एकमेकांची वाट बघत राहतात. हे शोधायला महागडं काही लागत नाही. चौघांनी फोनचा स्क्रीन रेकॉर्डर चालू ठेवायचा. मॅच अर्ध्या तासाची असली तरी सगळी बघायची नाही: पहिल्या नॉकच्या आधीची तीन मिनिटं, चौघांच्या पडद्यांवरून, एकामागून एक. फोनमध्ये जागा कमी असते, म्हणून तेवढा तुकडा कापून बाकीचं तिथल्या तिथे पुसून टाकायचं. चार पडदे बघितल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी असं काहीतरी दिसतं, जे एकाला दिसलं होतं आणि त्याने बोलून दाखवलं नव्हतं.

प्रत्येक मॅच अशी चिरफाडीला घ्यावी असं कुणी म्हणत नाही. मित्रांबरोबर हसत-खिदळत हरण्यातही मजा आहे. पण ज्या क्षणी आपण हे शिकण्याचं साधन आहे असं म्हणून त्याला शाळेत, कॉलेजात, सरकारी भाषणात जागा मागतो, त्या क्षणी शिकण्याची व्यवस्था दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता, असा त्याचा गाभा. ही रेघ योग्य जागी ओढली आहे. पैशाच्या खेळात हरलेल्या माणसाला थांबून कारण शोधायला कुणी सांगत नाही, गेलेले पैसे परत मिळवायची घाईच त्याला पुढच्या डावात ढकलते. पण रेघेच्या चांगल्या बाजूला उभं राहिल्याने ई-स्पोर्ट्स आपोआप चांगला होत नाही. ‘हरलास? पुढची लाव’ ही सवय दोन्हीकडे तीच आहे.

पालकांनी ‘किती तास खेळलास’ हे विचारू नये असं नाही, पण त्याच्या जोडीला विचारावं, ‘आज कशामुळे हरलात, आणि उद्या काय बदलणार?’ ज्या मुलाला याचं नीट उत्तर देता येतं त्याचे तास आणि ज्याला ‘टीममेट नूब (कच्चे) होते’ एवढंच सांगता येतं त्याचे तास, यांत फरक आहे. कॉलेजांनी दर स्पर्धेला नवे चौघे जमवण्याऐवजी वर्षभर टिकणारी स्क्वाडं नोंदवावीत, क्रिकेटचा संघ नोंदवतात तशी.

आणि आयोजकांनी स्पर्धेचं वेळापत्रक बदलावं. बीजीएमआयच्या स्पर्धेत एका लॉबीत साधारण १६ संघ असतात, म्हणजे प्रत्येक मॅचमध्ये १५ हरतात. दोन मॅचच्या मध्ये पुढच्या मॅचमध्ये शिरायचा रूम आयडी येईपर्यंतचा वेळ सगळे रील बघण्यात घालवतात. तो पंधरा मिनिटांचा ठरवून द्यावा. प्रक्षेपणासाठी मॅच बघणाऱ्या ऑब्झर्व्हरने काढलेलं रेकॉर्डिंग आयोजकांकडे असतंच. त्यातले विजेत्यांचे तुकडे स्ट्रीमवर झळकतात, उरलेल्या पंधरा संघांचं सगळं कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून राहतं. ज्या संघाची मॅच संपली त्याच्या आयजीएलला त्याच्या पहिल्या नॉकच्या आधीची तीन मिनिटं त्याच दिवशी पाठवायला एक माणूस आणि एक लॅपटॉप पुरतो.